पीएलसीला तारा जोडताना : उस्तादाची पद्धत आणि भित्र्याची पद्धत

हे मार्गदर्शन बुलढाणा जिल्ह्यातल्या, त्यातही घाटाखालच्या नवशिक्यांसाठी आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन नुकताच बाहेर पडलेला, खिशाला टेस्टर लावलेला आणि दसऱ्याच्या तोंडावर खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ‘पॅनलचा पोरगा’ म्हणून लागलेला कोणीही ते वापरू शकतो. घाटावरच्या चिखली-मेहकरकरांना मज्जाव नाही. त्यांनी जिथे रुई लिहिलं आहे तिथे सोयाबीन वाचावं. बोट सापडलं की दोन्हीकडे सारखंच दुखतं.

या भागाला यंत्रं नवी नाहीत. खामगावचा कापूस बाहेर नेता यावा म्हणून जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा काढला, तो १८७० साली. नवा आहे तो पॅनलमधला पीएलसी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स कारखान्यात मॉडेल बदललं की भिंतभर रिले उपसून सगळं वायरिंग पुन्हा करावं लागे. त्याला कंटाळून १९६८ साली त्यांनी रिलेंची जागा घेणारं यंत्र मागितलं आणि डिक मॉर्ली व त्यांच्या सोबत्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ बनवला. तो त्यांचा चौऱ्यायंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४. म्हणजे वायरिंगची कटकट कमी व्हावी म्हणून पीएलसी जन्माला आला. आपल्याकडचं एखादं जुनं पॅनल उघडल्यावर यावर विश्वास बसणार नाही, पण इतिहास असाच आहे.

जोडणीच्या पद्धती दोन. उस्तादाची आणि भित्र्याची.

उस्ताद प्रत्येक गावात असतो. तो नकाशा काढत नाही, कारण नकाशा त्याच्या डोक्यात असतो; तो लग्नाला गेला की नकाशाही लग्नाला जातो. त्याचं काम दुपारी चारला संपतं, मशीन पहिल्या फटक्यात फिरते आणि शेठ खूश होतात. भित्र्याचं काम दुसऱ्या दिवशीही चालूच असतं. तो प्रत्येक तारेकडे संशयानं पाहतो आणि ‘ही तुटली तर?’ असं विचारून सगळ्यांचं डोकं खातो. दोन्ही पद्धती खाली दिल्या आहेत. निवड ज्याची त्यानं करावी. बोटंही ज्याची त्याची आहेत.

पायरी १ : लाईन बंद करणे

उस्ताद लाईन बंद करत नाही. त्याला वेळ नसतो. तो खिशातला टेस्टर काढून टर्मिनलला लावतो, दिवा लागत नाही, आणि तो जाहीर करतो, “काईच नाई इथं.” टेस्टरमधल्या निऑन दिव्याला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. पीएलसीचे इनपुट बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालतात. म्हणजे तिथे लाईन असली काय नि नसली काय, टेस्टरचं उत्तर एकच. बरं, २४ व्होल्टनं माणसाला सहसा काही होत नाही. पण त्याच पॅनलमध्ये, वितीभर अंतरावर, २३० आणि ४१५ व्होल्ट असतात, आणि स्क्रू ड्रायव्हर घसरला की तो व्होल्टेज वाचून थांबत नाही.

दुसरी गंमत आउटपुटच्या टर्मिनलवर. पॅनलचा मेन पाडला तरी शेजारच्या पॅनलमधून आलेली एखादी २३० व्होल्टची तार रिलेच्या संपर्कावर जिवंत असू शकते. पीएलसीचे सगळे दिवे विझलेले असतात आणि तार मात्र जागी असते.

भित्रा मेन पाडतो, त्याला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. मुनीमजींच्या खिशात नाही. मग मीटर घेतो. आधी माहीत असलेल्या जिवंत जागी लावून मीटर चालतो का ते पाहतो, मग कामाच्या जागी लावतो, मग पुन्हा जिवंत जागी. मधल्या मधे मीटरच मेला असेल तर कळावं म्हणून हा उपद्व्याप. प्रेसचं काम असेल तर तेलातला साठलेला दाबही उतरवतो, कारण लाईन बंद केली म्हणून दाब घरी जात नाही.

शेतात फोनवर “लाईन बंद केली बे, चढ” एवढं ऐकून खांबावर चढायची आपल्याकडे रीत आहे. ती रीत पॅनलपर्यंत आणू नये. फोनवरच्या शब्दाला कुलूप लागत नाही.

पायरी २ : पीएलसीला काय दिसतं ते समजून घेणे

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाणती मंडळी येतात, कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहतात आणि त्यावरून पाऊस-पाणी नि पिकं सांगतात. भाकीत खरं की खोटं यावर पंचक्रोशीत वर्षभर वाद चालतो. तो चालू द्या. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की पाहणारा रात्री शेतात नव्हता. सकाळी जे दिसलं त्यावरूनच तो बोलतो.

पीएलसीही रात्री शेतात नसतो. त्याला रुई दिसत नाही, जिन दिसत नाही, हात तर मुळीच दिसत नाही. त्याच्यापुढे इनपुटचे आठ-सोळा टर्मिनल मांडलेले असतात. कुठे व्होल्टेज आहे आणि कुठे नाही एवढं तो पाहतो, प्रोग्रॅमप्रमाणे हिशोब करतो, आउटपुट चालू-बंद करतो आणि पुन्हा पाहायला येतो. भेंडवळला हे वर्षातून एकदा होतं, इथे काही मिलिसेकंदांत एकदा. दाणा वाऱ्यानं हलला की उंदरानं, हे तो विचारत नाही. तार सांगेल ते खरं.

म्हणून तार खोटं कधी बोलते आणि बोललीच तर कोणत्या बाजूनं बोलते, एवढंच या सगळ्या मार्गदर्शनात शिकायचं आहे. बाकीच्या पायऱ्या म्हणजे त्याचीच उजळणी आहे. घाई असेल त्यांनी इथून सरळ बिलाच्या पायरीवर जावं. उस्ताद तेच करतो.

पायरी ३ : सेन्सर जोडणे

सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. तपकिरी प्लसला, निळी शून्याला, काळी पीएलसीच्या इनपुटला. इथपर्यंत उस्ताद आणि भित्रा भाऊ-भाऊ. फाटाफूट होते ती सेन्सर कोणत्या जातीचा यावरून. पीएनपी जातीचा सेन्सर समोर लोखंड आलं की काळ्या तारेवर प्लस देतो. एनपीएन जातीचा शून्य देतो. पीएनपी असेल तर इनपुटचा कॉमन शून्याला जोडायचा, एनपीएन असेल तर प्लसला. एकाच कॉमनवर दोन्ही जाती बसवल्या तर त्यांतली एक मुकी राहते.

उस्तादाचा नियम सोपा आहे. दुकानात जो मिळाला तो घे. दिवा लागला नाही तर कॉमन उलटा कर. लागला की झालं.

भित्रा गाठीच्या प्रेसजवळ जाऊन उभा राहतो. रुई दाबणारा रॅम शेवटपर्यंत वर पोचला हे सांगायला वरच्या चौकटीवर सेन्सर आहे. त्याची केबल पत्र्याच्या कडेवरून येते, कड तिला रोज थोडी थोडी खाते, आणि एक दिवस काळी तार उघडी पडून मशीनच्या अंगाला टेकते. मशीनचं अंग अर्थ केलेलं आहे आणि २४ व्होल्टचं शून्यही, जसं असायला हवं तसं, अर्थला जोडलेलं आहे. आता सेन्सर एनपीएन असेल तर इनपुटला नेमकं हवं ते शून्य मिळालं. रॅम अर्ध्यात आहे आणि पीएलसी म्हणतो, ‘पोचला वर, करा पुढचं काम.’ सेन्सर पीएनपी असेल तर तार टेकल्यावर प्लस कितीही दिला तरी तो अर्थमध्ये जातो. फ्यूज उडतो किंवा सेन्सर स्वतःला बंद करून घेतो. पीएलसीला काहीच दिसत नाही आणि मशीन उभी राहते.

खराबी तीच, जागा तीच. एका जोडणीत मशीन चालली, दुसरीत थांबली. भित्रा पीएनपी घेतो आणि दुकानदाराला दोन वेळा विचारून घेतो.

पायरी ४ : बंद करायचं बटण

ही पायरी चहा पिऊन, बसून वाचावी.

बटणाच्या मागे दोन प्रकारचे संपर्क मिळतात. दाबल्यावर जोडणारा एनओ, आणि एरवी जोडलेला पण दाबल्यावर तुटणारा एनसी. चालू करायच्या हिरव्या बटणाला एनओ लागतो, यात वाद नाही. बंद करायच्या लाल बटणालाही उस्ताद एनओच लावतो, कारण स्टोअरमध्ये तेच जास्त पडलेले असतात आणि दोन्ही बटणं सारखी असली की डोक्याला ताप नाही. प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं, लाल दाबलं की थांब. ट्रायल घेतली, थांबली. शेठनी पेढा दिला.

आता उंदीर आणा. जिनिंगमध्ये तो बाहेरून आणावा लागत नाही, सरकीसाठी तो आधीच आलेला असतो. त्यानं हिरव्या बटणाची तार खाल्ली तर मशीन चालू होत नाही. आरडाओरडा होतो, “काहून चालू होत नाई बे?” म्हणत चार माणसं जमतात, तासाभरात तार सापडते. त्यानं लाल बटणाची तार खाल्ली तर काय होतं? काहीच नाही. मशीन चालते, गाठी पडतात, ट्रक भरतात. तुटलेली तार आणि न दाबलेलं बटण यांत पीएलसीला फरक दिसत नाही. हंगामभर कोणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो एखाद्याचा सदरा पट्ट्यात जातो आणि कोणीतरी धावत जाऊन लाल बटण दाबतं, त्या दिवशी.

भित्रा लाल बटणाला एनसी लावतो. बटणातून २४ व्होल्ट सतत इनपुटवर येत असतात. याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे, चालू दे.’ बटण दाबलं, तार तुटली, स्क्रू ढिला झाला, फ्यूज उडाला, यांपैकी काहीही झालं तरी इनपुट विझतो आणि मशीन थांबते. नवशिका इथे एकदा गोंधळतोच. बटण एनसी आहे म्हणून तो लॅडरमध्येही एनसीचं चिन्ह काढतो आणि मशीन चालूच होत नाही. बटण न दाबता इनपुट पेटलेला असतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये इथे साधं एनओचं चिन्ह येतं. हे एकदा कागदावर काढून पाहा. दोनदा काढलं तरी कोणी हसणार नाही.

हाच न्याय रॅमच्या शेवटच्या लिमिट स्विचला, मशीनच्या झाकणा-दरवाजांच्या स्विचना आणि तेलाच्या जादा दाबाच्या स्विचला. मोटारीच्या ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ आणि ९७-९८ असे दोन संपर्क असतात. ९५-९६ हा ट्रिप झाल्यावर तुटणारा, मोटार थांबवायचं काम त्याचं. ९७-९८ वर दिवा लावायचा. उस्तादाच्या पॅनलमध्ये मोटार जळते आणि ९७-९८ चा दिवा छान लागलेला असतो.

दाब मोजणारा ट्रान्समीटर ० पासून सुरू न होता ४ मिलिअँपिअरपासून सुरू होतो, त्याचंही कारण हेच. ० ते २५० बारचा ट्रान्समीटर असेल तर ४ म्हणजे शून्य बार, १२ म्हणजे १२५, २० म्हणजे २५०. आणि शून्य मिलिअँपिअर आले तर? तर दाब शून्य नाही, तार तुटली आहे. ज्यानं हे ठरवलं तो नक्कीच भित्रा असणार.

पायरी ५ : इमर्जन्सी

उस्ताद इमर्जन्सीची मशरूम बटणं पीएलसीच्या इनपुटला जोडतो आणि निर्धास्तपणे सांगतो, “प्रोग्रॅममधी टाकलं हाय भौ.” मग प्रेसमागच्या पत्र्याआड एक बटण बसवतो, कारण पुढे बसवलं तर हमालांच्या खांद्याचा धक्का लागून मशीन बंद पडते. ज्याला ते बटण लागेल त्यानं पत्र्याला वळसा घालून यावं.

अडचण अशी की पीएलसीनं ‘थांब’ म्हटलं तरी ऐकणारं कोणी असायला हवं. आउटपुटच्या रिलेचे संपर्क चांदीच्या मिश्रधातूचे असतात. चांदीचा बाजार म्हणून खामगावची ओळख आहे, तेव्हा तापली की चांदी काय करते हे तिथे शिकवायला नको. ठिणगीनं संपर्क वितळून एकमेकांना चिकटले, की पीएलसीवर आउटपुटचा दिवा विझलेला आणि काँटॅक्टर ओढलेलाच. ट्रान्झिस्टरचं आउटपुट बिघडलं तर तेही पुष्कळदा चालू स्थितीतच बिघडतं. प्रोग्रॅम कितीही शहाणा असो, चिकटलेल्या चांदीला तो वाचता येत नाही.

म्हणून भित्रा इमर्जन्सीला पीएलसीची परवानगी मागायला लावत नाही. बटणामागे दोन एनसी संपर्क, त्यांच्या दोन वेगळ्या तारा सेफ्टी रिलेला. सेफ्टी रिले पडला की काँटॅक्टरच्या कॉइलचा आणि आउटपुट कार्डाचा पुरवठाच तुटतो. पीएलसीला एका वेगळ्या संपर्कावरून नुसता निरोप जातो की असं असं झालं. बटण लाल, मागची पट्टी पिवळी, दाबल्यावर अडकून राहणारं. ते फिरवून सोडलं म्हणून मशीन सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळं रीसेट, आणि त्यानंतर पुन्हा हिरवं बटण.

बटण हात पोचेल तिथे बसवायचं. धक्का लागत असेल तर भोवती कडं करा, बटण पत्र्याआड नेऊ नका. आणि एक ध्यानात ठेवा. इमर्जन्सी दाबल्यावरही जिनचे रोलर लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ घरंगळत राहतात. बटण दाबलं म्हणून हात घालायचा नसतो.

पायरी ६ : आउटपुट जोडणे

पीएलसीचं रिले आउटपुट साधारण दोन अँपिअर झेलतं, ट्रान्झिस्टरचं साधारण अर्धा. नेमका आकडा मॉडेलच्या कागदावर असतो. तो कागद खोक्यात असतो आणि खोकं उस्तादानं पाना-पक्कड ठेवायला घेतलेलं असतं. तो मोठ्या काँटॅक्टरची कॉइल थेट आउटपुटला लावतो. चालते. भित्रा मधे एक छोटा रिले बसवतो. तो शंभर-दोनशे रुपयांत बदलता येतो, आउटपुट कार्ड येत नाही. आउटपुटच्या प्रत्येक गटाला एक फ्यूज, म्हणजे एका व्हॉल्व्हची कॉइल शॉर्ट झाली तर अख्खं कार्ड जात नाही.

पुढे येते कॉइलची लाथ. कॉइलमधला करंट तोडला की ती २४ व्होल्टची राहत नाही. क्षणभर शेकडो व्होल्टचा उलटा झटका मारते. चांदी चिकटते त्यात याचाही हात असतो. इलाज दोन रुपयांचा : डीसी कॉइलवर आडवा १एन४००७ डायोड. त्याच्या काळ्या अंगावर एका टोकाला चंदेरी पट्टा असतो, ते टोक प्लसकडे. उलटा लावला तर तो सरळ शॉर्ट होतो आणि आउटपुट जातं. एसी कॉइलवर डायोड चालत नाही, तिथे आरसी स्नबर किंवा एमओव्ही लावतात. एक डायोड उरला म्हणून तो एसी कॉइलवर लावू नये. आवाज होतो.

डायोड कॉइलजवळच लावा, पॅनलमध्ये नाही; लाथ जिथे बसते तिथेच अडवायची. डायोडमुळे व्हॉल्व्ह सुटायला किंचित उशीर लागतो. तो उशीर चालत नसेल तिथे झेनरचा उपाय आहे, पण तो पुढच्या हंगामात शिका.

कन्व्हेयर पुढे आणि मागे दोन्हीकडे फिरत असेल तर दोन काँटॅक्टर असतात. दोन्ही एकदम ओढले गेले तर दोन फेज एकमेकांना भेटतात आणि पॅनलचं दार आपोआप उघडतं. “एकदम लागू नको” असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतंच. भित्रा तरीही एका काँटॅक्टरचा एनसी संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घालतो. चिकटलेल्या काँटॅक्टरबद्दल प्रोग्रॅमला काही कळत नाही, हे आत्ताच सांगितलं.

पायरी ७ : किरकोळ, म्हणून सगळे सोडतात ते

प्रत्येक तारेच्या टोकाला फेरूल आणि दोन्ही टोकांना एकच नंबर. ‘माझ्या लक्षात आहे’ हा नंबर नाही.

मोटारीच्या आणि ड्राइव्हच्या केबली एका ट्रेमधून, सिग्नलच्या दुसऱ्या ट्रेमधून. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. ट्रान्समीटरच्या केबलीची शील्ड पॅनलच्या बाजूला, एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर ती स्वतःच तार होऊन करंट वाहायला लागते.

अर्थिंगचा खड्डा नुसता खणून चालत नाही, तो मोजावा लागतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, जमिनीत मीठ निसर्गानंच घातलेलं आहे, त्यामुळे तिथे अर्थिंग छान लागतं. तेच मीठ लोखंडी पट्टी खाऊनही टाकतं, म्हणून दर हंगामाआधी पुन्हा मोजायचं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्ड्यात पाणी घालायचं. अर्थ लागत नाही म्हणून न्यूट्रलला जोडून दिलं, ही उस्तादाची सही समजावी.

पॅनलला ग्लँड लावा आणि रिकामी भोकं बुजवा, नाहीतर दिवाळीपर्यंत आत रुईची गादी तयार होते. तिला एक ठिणगी पुरते. घाटाखालचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि बहुतेक पीएलसींची मर्यादा पॅनलच्या आत ५५ अंशांच्या आसपास असते. बाहेर पंचेचाळीस असताना पत्र्याच्या पॅनलमध्ये किती होतं, त्याचा अंदाज घाम पुसत करावा.

पायरी ८ : लाईन गेली आणि आली

विदर्भातल्या कोणत्याही विहिरीवर स्टार्टरशेजारी एक छोटी डबी दिसते, तिला ‘ऑटो’ म्हणतात. थ्री फेज कधी रात्री दोनला येते, कधी पहाटे. शेतकऱ्यानं प्रत्येक वेळी अंधारात, विंचू-काट्यातून स्टार्टरपर्यंत जायचं कसं? म्हणून लाईन आली की ऑटो स्वतःच पंप चालू करतो. ही सोय शेतकऱ्यानं सोसलेल्या हालांतून आली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

उस्ताद तीच सोय जिनिंगमध्ये आणतो. शेठही मागतात : “लाईन आली की आपोआप चालू झाली पायजे, टाइम जाते.” मग तो चालू बटणाऐवजी कायम अडकणारा सिलेक्टर स्विच बसवतो. लाईन गेली की मशीन थांबते, आली की होती तशी सुरू.

विहिरीवर लाईन येते तेव्हा पंपाजवळ कोणी नसतं. जिनिंगमध्ये लाईन जाते तेव्हाच माणूस मशीनजवळ येतो. डबल रोलर जिनमध्ये रुई अडकलेली असते, पट्टे थांबलेले असतात, शांतता झालेली असते. एरवी चालू मशीनला घाबरणारा गडी आता निवांत खाली वाकतो, रोलर आणि सुरीच्या मधला गुंता बोटांनी ओढतो. त्याला मशीन बंद आहे असं वाटतं. मशीन बंद नसते. तिची फक्त लाईन गेलेली असते.

भित्रा चालू करायला दाबून सोडायचं बटणच ठेवतो. लाईन गेली की काँटॅक्टर पडतो, पीएलसीतली ‘चालू’ची नोंद पुसली जाते, आणि लाईन आल्यावर कोणीतरी समोर येऊन, भोंगा वाजवून, हिरवं बटण दाबेपर्यंत काहीही फिरत नाही. पीएलसीत काही नोंदी लाईन गेली तरी टिकून राहतात. ‘चालू’ची नोंद तशा जागी ठेवली नाही ना, हे प्रोग्रॅममध्ये शोधून पाहा. आणि शेठना सांगा, टाइम जाते हे खरं, पण टाइम परत कमावता येतो.

पायरी ९ : एकेक तार सोडून पाहणे

उस्तादाची ट्रायल म्हणजे मशीन चालते का ते पाहणं. भित्र्याची ट्रायल म्हणजे ती थांबते का ते पाहणं.

एक कागद घ्या. उभ्या रांगेत सगळ्या इनपुट-आउटपुटच्या तारांचे नंबर लिहा. प्रत्येकीपुढे लिहा : ही तुटली तर काय होईल? ही अर्थला टेकली तर काय होईल? मग मेन पाडून एक तार सोडा, माणसं लांब करा, लाईन द्या आणि कागदावर लिहिलं तसंच होतं का ते पाहा. मेन पाडा, तार परत बसवा, पुढची सोडा. फ्यूजही एकेक काढून पाहा. चालू मशीनची लाईन पाडून परत द्या. लाल बटणं सगळी, पत्र्याआडचंही, एकेक दाबा.

ज्या ज्या ओळीपुढे ‘थांबेल’ किंवा ‘चालूच होणार नाही’ असं उत्तर आलं ती ओळ पास. ‘काही होणार नाही’ असं उत्तर आलं तिथे टिकमार्क करून पुढे जायचं नाही, तीच ओळ सगळ्यात धोक्याची आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम येड्यासारखं दिसतं : पोरगा चांगली चाललेली मशीन दिवसभर स्वतःच्या हातानं बंद पाडतो आहे. “काय करून राह्यला बे हा?” असं कोणी विचारलं तर कागद दाखवा. कागद समजला नाही तरी माणूस निघून जातो.

पायरी १० : बिल

भित्र्याचं बिल उस्तादापेक्षा जास्त होतं. सेफ्टी रिले, मधले रिले, डायोड, वेगळी ट्रे, फेरूल, ग्लँड आणि मशीन बंद पाडण्याची मजुरी. शेठ विचारणार, “याच्यातलं नेमकं चालवते काय?” खरं उत्तर असं की यातलं एकही काही चालवत नाही. म्हणून घासाघीस होणार, आणि ती होऊ द्यावी. घासाघीस न करणारा शेठ पैसेही देत नाही. पॅनलचा रंग स्वस्तातला घ्या, शोभेचे दिवे कमी करा, दारावरची पितळी पाटी वगळा, प्रवासखर्च सोडून द्या.

सेफ्टी रिले काढायला सांगितला तर नाही म्हणू नका, वादही घालू नका. बिल उलटं करा, पेन पुढे करा आणि म्हणा, “शेठ, ‘इमर्जन्सीचा रिले माझ्या सांगण्यावरून काढला’ एवढं मागं लिहून द्या अन् सही करा.” सहीची वेळ आली की रिले परवडायला लागतो.